‘५० मिनिटं गप्प बसायचे पैसे’ या रिव्ह्यूला उत्तर

नमस्कार,

तुमचा रिव्ह्यू काल रात्री वाचला, आज सकाळी पुन्हा वाचला. थेरपिस्ट बोलत नाहीत, सल्ला देत नाहीत, व्हिडिओ बंद ठेवायला सांगतात आणि मध्येच नेट गेलं तरी पूर्ण फी घेतात, असं तुम्ही लिहिलंय. आमच्याकडे कोण येतं, कोण नाही, हे आम्ही बाहेर सांगत नाही. तुम्ही स्वतः लिहिलं असलं तरी तुमच्या सेशन्सबद्दल मी इथे काही बोलणार नाही. आमची पद्धत कशी आहे, तेवढंच सांगते.

आम्ही मनोविश्लेषण करतो, म्हणजे बोलण्यातून मनात दडलेलं समजून घेण्याचा उपचार. त्यात येणाऱ्याने मनात येईल ते, जसं येईल तसं बोलायचं असतं. ही पद्धत सुरू करणाऱ्या फ्रॉइडने १९१३ च्या एका लेखात रेल्वेचं उदाहरण दिलंय: खिडकीशी बसलेल्याने बाहेर सरकणारा देखावा आतल्या माणसाला सांगत राहावा, तसं बोला. दर दोन मिनिटांनी ‘मग तुम्ही असं करा’ म्हणून अडवलं, तर ते सांगणं तिथेच तुटतं. व्हिडिओचंही तसंच. फ्रॉइड पेशंटला कोचावर झोपवून स्वतः डोक्यामागे बसायचा. समोर चेहरा दिसला की आपण त्याच्या भुवया बघून बोलणं बदलतो, आणि स्क्रीनवर तर स्वतःचाही चेहरा दिसत राहतो. तरी याची सक्ती नाही. व्हिडिओ चालू हवा असेल तर चालू ठेवतो.

पण शांततेबद्दल तुमचं म्हणणं मला पटलं. खोलीत थेरपिस्ट गप्प असला तरी त्याचा श्वास ऐकू येतो, खुर्ची करकरते. फोनवर तो ऐकतोय की लाइन गेलीय, हेच कळत नाही. लहानपणापासून ‘माझं कुणी ऐकत नाही’ असं वाटत आलेल्या माणसाला ती मिनिटं फार जड जातात. त्यातून येणारा राग थेरपिस्टसमोर बोलला गेला, तर कामाचा ठरतो. घरातल्या कुणाच्या तरी अबोल्याचे जुने वळ त्यात दिसू लागतात. याला ट्रान्सफरन्स म्हणतात. मात्र हा शब्द पुढे करून मला आमची चूक झाकायची नाही. मार्च २०२० मध्ये खोली बंद झाली आणि आम्ही फोनवर आलो, तेव्हा वेळ आणि फी ठरवली. शांतता फोनवर कशी वाटेल, हे येणाऱ्याला आधी सांगायला हवं होतं, ते आम्ही नीट सांगितलं नाही.

आता पहिल्याच भेटीत हे सगळं लेखी देतो. शांतता लांबली तर थेरपिस्ट ‘मी ऐकतेय’ एवढं म्हणतील. लाइन १० मिनिटांहून जास्त गेली, तर नेट कुणाचंही असो, त्या दिवसाची फी नाही. न कळवता चुकवलेल्या वेळेची फी मात्र राहील, कारण तो तास दुसऱ्या कुणाला दिलेला नसतो.

हा उपचार सावकाश चालतो. परीक्षेची धास्ती किंवा लिफ्टची भीती थोड्या दिवसांत कमी व्हायला हवी असेल, तर सीबीटीचा, म्हणजे विचार आणि वागण्याच्या सवयी बदलण्यावर भर देणाऱ्या थेरपीचा, विचार आधी करावा, हेही आम्ही पहिल्या भेटीतच सांगू. रात्री-अपरात्री जीव नकोसा झाला तर आमच्या वेळेची वाट बघू नका, टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर फोन करा.

फीचा हिशेब करायचा असेल तर सेंटरच्या नंबरवर सोमवार ते शुक्रवार दुपारी २ ते ३ या वेळेत मी स्वतः फोन घेते. आणि हा राग आमच्यासमोर बोलून दाखवायला एक भेट हवी असेल, तर तिची फी नाही.