पॉल लॉरीला ओपन कुणी आंदण दिली नव्हती

माझी भाची पंधरा वर्षांची आहे, गोल्फ शिकते. परवा तिने घरच्या ग्रुपवर आलेला एक मेसेज मला पाठवला आणि खाली विचारलं, "मावशी, हे खरं का गं?" हा मेसेज तुमच्यापैकीही बऱ्याच जणांकडे पोचला असेल. त्याचा सारांश असा: १९९९ साली जागतिक क्रमवारीत १५९ व्या क्रमांकावर असलेला पॉल लॉरी हा स्कॉटिश गोल्फर ब्रिटिश ओपन जिंकला, कारण ज्याँ व्हान द वेल्ड या फ्रेंच खेळाडूने शेवटच्या होलवर हातातली ट्रॉफी घालवली. लॉरीने स्वतः काहीच केलं नाही, तो नुसता वाट बघत बसला. त्याआधी त्याने काही जिंकलं नव्हतं आणि त्यानंतरही नाही. वर पारपेक्षा सहा जास्त घेऊन जिंकला म्हणजे दर्जाच नव्हता, मैदान घरचं होतं, आणि आज त्याला ओळखतं तरी कोण? आणि शेवटी तात्पर्य: गुणवत्ता नसली तरी चालते, समोरचा पडेपर्यंत धीर धरा.

रोज सकाळी उठून सरावाला जाणाऱ्या मुलीला असलं तात्पर्य पाठवायचं म्हणजे काय? म्हणून हे लिहायला बसले.

"लॉरीने काहीच केलं नाही"

सगळ्यात चीड आणणारा मुद्दा हाच आहे, आणि त्याचं उत्तर द्यायला कुणाच्या मताची गरज नाही. त्या स्पर्धेचं स्कोअरकार्ड पुरेसं आहे. लॉरीचे चार राउंड: ७३, ७४, ७६, ६७. एकूण २९०. व्हान द वेल्डचे चार राउंड: ७५, ६८, ७०, ७७. एकूण २९०. गोल्फमध्ये कमी फटके घेणारा पुढे. स्पर्धा स्कॉटलंडमधल्या कार्नूस्टीच्या मैदानावर होती आणि तिथला पार, म्हणजे एका राउंडला अपेक्षित फटके, ७१ होता. पहिल्या तीन राउंडची बेरीज लॉरीची २२३, व्हान द वेल्डची २१३. म्हणजे शेवटच्या दिवशी सकाळी लॉरी दहा फटके मागे होता.

आता हे दहा फटके कुठून भरून निघाले ते बघा. लॉरीचा ६७ चा राउंड म्हणजे पारपेक्षा चार कमी. चार फटके तिथे आले. व्हान द वेल्डने पहिल्या १७ होलमध्ये पारपेक्षा तीन जास्त घेतले. हे झाले सात. उरलेले तीन त्या कुप्रसिद्ध १८ व्या होलवर गेले. तिथे पार चार, त्याला सहा चालणार होते, त्याने घेतले सात. म्हणजे मेसेजवाल्याने दहापैकी तीन फटक्यांची गोष्ट सांगितली आणि सात गिळून टाकले. त्या सातांपैकी चार तर सरळ लॉरीच्या हातचे आहेत. शेवटच्या षटकात समोरच्याने नो-बॉल टाकला, म्हणून आधीच्या एकोणीस षटकांत काढलेल्या धावा आपण पुसून टाकतो का?

बरं, त्या दिवशी बाकीच्यांनी काय केलं? टायगर वूड्स सकाळी लॉरीच्या तीन फटके पुढे होता. त्याचा शेवटचा राउंड ७४, एकूण २९४. लॉरीच्या चार मागे. मैदान तेच आणि स्पर्धाही तीच. शेवटच्या दिवशी दहा फटके भरून काढून मेजर (गोल्फच्या चार सर्वांत मोठ्या स्पर्धांपैकी एक) जिंकणारा लॉरीशिवाय दुसरा कुणी नाही. त्याआधीचा विक्रम आठ फटक्यांचा होता, १९५६ च्या मास्टर्समध्ये जॅक बर्कचा.

"फ्रेंच माणसाने घालवली म्हणून मिळाली"

इथे अर्धं खरं आहे, ते मान्य करते. व्हान द वेल्डने १८ व्या होलवर सहा घेतले असते तर प्लेऑफ, म्हणजे बरोबरी सोडवण्यासाठीचे जादा होल, झालाच नसता आणि लॉरी दुसऱ्या नंबरवर राहिला असता. व्हान द वेल्डचा दुसरा फटका प्रेक्षकांच्या गॅलरीवर आदळून मागे आला, पुढचा बॅरी बर्न या ओढ्यात गेला, मग तो बूट-मोजे काढून पाण्यात उतरला, ते दृश्य सगळ्या जगाने पाहिलंय. पण त्यानंतर वाळूच्या बंकरमधून बाहेर येऊन त्याने सात फुटांच्या आसपासचा पट (चेंडू होलात ढकलायचा फटका) घातला आणि प्लेऑफ मिळवला, हे कुणी लिहीत नाही. माणूस कोलमडला असता तर तो पट आत गेला नसता.

आणि प्लेऑफमध्ये सगळे पुन्हा शून्यावर. होते तिघे. मेसेजमध्ये तिसऱ्याचं नावच नाही. तो जस्टिन लिओनार्ड, १९९७ चा ओपन विजेता. तोही शेवटच्या दिवशी सकाळी लॉरीच्या पाच फटके पुढे होता, आणि १८ व्या होलवर त्याचाही चेंडू त्याच ओढ्यात गेला होता. ओढा काही एकट्या फ्रेंच माणसासाठी खणलेला नव्हता.

चार होलचा प्लेऑफ, १५ ते १८. लॉरी: ५, ४, ३, ३. व्हान द वेल्ड: ६, ४, ३, ५. लिओनार्ड: ५, ४, ४, ५. सतराव्या होलनंतर लॉरी एकाच फटक्याने पुढे होता. म्हणजे अठराव्यावर काहीही होऊ शकलं असतं. पाऊस, अंधारून आलेलं, समोर तोच ओढा, आणि थोड्याच वेळापूर्वी तिथे दोघांची वाट लागलेली. अशा वेळी जपून खेळायचं सोडून लॉरीने फोर आयर्न ही लांब फटक्याची काठी काढली आणि चेंडू पिनपासून, म्हणजे होलमधल्या झेंड्यापासून, तीन-चार फुटांवर नेऊन ठेवला. बर्डी, म्हणजे पारपेक्षा एक कमी. आठवडाभर भल्याभल्यांना रडवणाऱ्या मैदानावर शेवटच्या दोन होलला दोन बर्डी. वाट बघत बसलेला माणूस हे करत नाही. चार होलमध्ये तीन फटक्यांनी जिंकला तो, थोडक्यात वाचलेला नाही.

"पारपेक्षा सहा जास्त घेऊन जिंकला, म्हणजे दर्जाच नव्हता"

मैदान बघून बोला. त्या वर्षी फेअरवे (कापलेल्या गवताचे पट्टे) चिंचोळे होते, रफ (त्याबाहेरचं वाढलेलं गवत) दाट होतं आणि वारा थांबत नव्हता. सर्जिओ गार्सिया या स्पॅनिश खेळाडूने पहिल्या दोन दिवशी ८९ आणि ८३ मारले आणि घरी गेला. यापुढे आणखी काय सांगायचं?

"घरचं मैदान होतं"

लॉरी ॲबर्डीनचा. पण घरच्या मैदानाने ट्रॉफी मिळत असती तर १९३१ मध्ये याच कार्नूस्टीवर टॉमी आर्मर जिंकला, त्यानंतर ६८ वर्षं स्कॉटलंडमध्ये जन्मलेला एकही माणूस स्कॉटलंडमध्ये ओपन का जिंकला नाही? आर्मर तर तोवर अमेरिकेचा नागरिक झाला होता. शिवाय लॉरीला थेट प्रवेशही नव्हता. तो पात्रता फेरी खेळून आत आला होता.

"आधी काही नाही, नंतर काही नाही"

हे धडधडीत खोटं आहे. १९९६ मध्ये तो कॅटलोनियात जिंकला. १९९९ मध्ये ओपनच्या आधी कतार मास्टर्स जिंकला. नंतर २००१ मध्ये डनहिल लिंक्स, २००२ मध्ये वेल्स ओपन. त्यापुढची नऊ वर्षं युरोपियन टूरवर (युरोपातल्या व्यावसायिकांच्या स्पर्धामालिकेत) विजय नाही, हेही खरं, लपवायचं कारण नाही. पण २०११ मध्ये तो अँडलुसियात जिंकला, २०१२ मध्ये पुन्हा कतार, आणि त्याच वर्षी स्कॉटलंडमध्ये ग्लेनइगल्सला. युरोपियन टूरवर एकूण आठ विजय. सतराव्या वर्षी पाचच्या हँडिकॅपवर, म्हणजे पारपेक्षा साधारण पाच फटके जास्त घेण्याच्या पातळीवर, व्यावसायिक झालेला आणि स्कॉटलंडमधल्या बँकरीच्या क्लबात सहायक म्हणून कामाला लागलेला मुलगा होता तो. गोल्फ खेळणाऱ्याला विचारा, पाचच्या हँडिकॅपवाल्याकडून कुणी कसली अपेक्षा करतं का.

रायडर कप, म्हणजे युरोप विरुद्ध अमेरिका ही सांघिक स्पर्धा, तर मेसेजवाल्याने ऐकलेलीच दिसत नाही. ओपन जिंकल्यावर दोनच महिन्यांनी, १९९९ मध्ये ब्रुकलाइनला, लॉरीने पाच सामन्यांत साडेतीन गुण मिळवले. कॉलिन मॉन्टगोमेरीबरोबर खेळून वूड्स आणि स्टीव्ह पेट यांना हरवलं, एकेरीत जेफ मॅगर्टला ४ आणि ३ ने, म्हणजे तीन होल शिल्लक असताना चार होलने पुढे राहून. युरोप मात्र १०-६ ने पुढे असून शेवटच्या दिवशी हरला. तेरा वर्षांनी, ४३ व्या वर्षी, तो मेडिनाला पुन्हा संघात होता, आणि या वेळी युरोप ६-१० ने मागे होता. एकेरीचे पहिले पाचही सामने युरोपने जिंकले, पाचवा लॉरीचा. समोर त्या वर्षीचा फेडेक्स कप, म्हणजे अमेरिकी टूरचा मोसमी किताब, जिंकलेला ब्रँट स्नेडेकर. लॉरी ५ आणि ३ ने जिंकला. त्या दिवशी तिथे कुणाचा ओढा नव्हता.

"आज त्याला कोण ओळखतं?"

२००१ मध्ये त्याने मुलांना गोल्फ शिकवण्यासाठी स्वतःच्या नावाने फाउंडेशन सुरू केलं. २०२० मध्ये, युरोपियन टूरवरची ६२० वी स्पर्धा खेळून तो थांबला त्याच वर्षी, त्याने टार्टन प्रो टूर काढली. नवख्या स्कॉटिश व्यावसायिकांना मोठ्या टूरवर जाण्याआधी खेळायला जागा आणि बक्षिसाचे पैसे मिळावेत, म्हणून. ती मुलं त्याला ओळखतात.