ग्रंथपाल आजीची आठवण

शाळेच्या ग्रंथपाल असलेल्या आपल्या आजीविषयी एका नातीने लिहिलेला एक लेख वाचताना मला माझ्या आजीची फार आठवण झाली, कारण तिनेही आयुष्यभर शाळेचेच ग्रंथालय सांभाळले. पुस्तकांना विषयानुसार क्रमांक देणारी, मेल्विल ड्यूई यांची १८७६ मधील दशांश वर्गीकरण पद्धत तिच्या इतकी अंगवळणी पडली होती की, कुणी ग्रहताऱ्यांवरचे पुस्तक मागितले की तिचा हात न बघताच ५२० च्या कप्प्याकडे जाई. लेखिकेने आपल्या आजीच्या शिस्तीवर भर दिला आहे. मला मात्र माया अधिक आठवते. बांधणी उसवलेले पुस्तक ती मांडीवर घेई, पुठ्ठ्याच्या कडेपर्यंत बोटाने खळ सारखी पसरवी आणि वर वजन ठेवून रात्रभर दाबून ठेवी. भारतीय ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथन यांच्या १९३१ मधील ग्रंथालयशास्त्राच्या पाच सूत्रांपैकी ‘प्रत्येक वाचकाला त्याचे पुस्तक’ हे तिचे विशेष आवडते होते. वाचताना अडखळणारा, म्हणून दारातच घुटमळणारा एखादा मुलगा दिसला की त्याच्यासाठी ती मोठ्या टाइपातले पुस्तक आधीच काढून ठेवी आणि ते इतरांच्या देखत कधीही देत नसे. ती गेल्यावर तिच्या चष्म्याच्या घरात परतीच्या तारखांचे शिक्के असलेली एक जुनी चिठ्ठी सापडली. ती मी आजही जपून ठेवली आहे.