पिवळा त्रिकोण

फायनाइट एलिमेंट पद्धतीने यंत्रभागातला ताण काढायचा तर आधी संगणकावरचं त्याचं मॉडेल छोट्या छोट्या तुकड्यांत, म्हणजे एलिमेंट्समध्ये, चिरावं लागतं. हेच मेशिंग. त्याची पट्टी सरकत सरकत शंभर टक्क्यांना टेकते, सुटकेचा निःश्वास निम्मा सुटतो न सुटतो तोच खाली पिवळा त्रिकोण उगवतो. ‘४१२ एलिमेंट्सची गुणवत्ता मर्यादेबाहेर.’ कुठली, कुठे, काय बिघडलंय? अवाक्षर नाही. निनावी तक्रारअर्जातसुद्धा याहून जास्त तपशील असतो.

अशा वेळी हात शिवशिवतो तो एलिमेंट साइज सगळीकडे निम्मी करायला. माझाही. पण त्रिमितीत साइज निम्मी म्हणजे एलिमेंट्स साधारण आठपट. पंखा घरघरायला लागतो आणि त्रिकोण जागच्या जागी, वर आकडा फुगलेला. कारण बहुतेक वेळा खोट कॅड मॉडेलातच (संगणकावर काढलेल्या मूळ आकारातच) असते: दोन पृष्ठभागांच्या सांध्यात ०.०२ मिमीची कड दडून बसलेली. तिच्या दोन्ही टोकांना नोड (एलिमेंट्स एकमेकांना जोडणारा बिंदू) बसवणं मेशरला भाग असतं. एलिमेंट साइज ५ मिमी, म्हणजे अ‍ॅस्पेक्ट रेशो (एलिमेंटच्या सर्वात लांब आणि सर्वात आखूड बाजूंचं गुणोत्तर) गेला २५० च्या घरात. ती कड शेजारच्या पृष्ठभागात विलीन केली की काम भागतं.

तेव्हा आधी वाईट एलिमेंट्स तेवढे रंगवून बघावेत. ताण नगण्य असलेल्या कोपऱ्यात अ‍ॅस्पेक्ट रेशो १५ असेल तर खुशाल असू द्यावा. तोच भोकाच्या काठावर असेल तर मात्र झोप उडालीच पाहिजे. स्क्यूनेसचंही (एलिमेंट आदर्श आकारापासून किती तिरकं झालंय त्या मापाचंही) तेच, शून्य उत्तम, ०.९ च्या पुढे लक्षण ठीक नाही.

निगेटिव्ह जेकोबियन हे प्रकरण वेगळं. तिथे एलिमेंट मोज्यासारखं उलटं झालेलं असतं आणि समीकरणं सोडवणारा सॉल्व्हर सरळ संपावर जातो. दहा नोडांच्या टेट्रामध्ये (चार त्रिकोणी बाजूंच्या एलिमेंटमध्ये) कडांच्या मधले नोड वक्र पृष्ठभागावर ओढले जातात. फिलेट (कोपऱ्याला दिलेली गोलाई) छोटं आणि टेट्रा दांडगा असेल तर त्या ओढाताणीत एलिमेंट स्वतःच्याच अंगात शिरतं. काटकोनी फिलेटच्या कमानीवर तीन-चार एलिमेंट्स द्या, भांडण मिटतं.

खरी चीड येते ती त्रिकोणाच्या मौनाची. आतल्या बाजूच्या काटकोनी कोपऱ्यात फिलेट द्यायचंच राहिलंय, मेश मात्र देखणी, तिथे सगळं हिरवंगार. ताण १८० मेगापास्कल. साइज निम्मी केली, २४५. पुन्हा निम्मी, ३३५. रेषीय स्थितिस्थापकतेच्या (ताण आणि विकृती एकाच प्रमाणात वाढतात असं मानणाऱ्या) हिशेबात तिथला ताण अनंत, त्यामुळे मेश जितकी बारीक कराल तितका आकडा चढणार. दर वेळी तो आधीच्या सुमारे १.३७ पट, अगदी शिस्तीत. आणि पिवळा त्रिकोण? तो पलीकडच्या बिनमहत्त्वाच्या फ्लँजवरच्या तीन एलिमेंट्सबद्दल बोंबलत असतो.