हाई इमान नई, यष्टी शे

आखाजी, म्हणजे आमच्या खान्देशातली अक्षय्य तृतीया, होऊन आठ दिवस झाले, चोखलेल्या कोयी वाळून खडखडीत झाल्या, पण माझं टाळकं काही थंड व्हायला तयार नाही. आमच्या नानांना, म्हणजे माझ्या सख्ख्या आजोबांना, आमच्याच ओसरीत बसून, आमचेच मांडे हाणून, एका पाहुण्याने जुन्या फोटोवरून विमानातून उतरवलं आणि यष्टीत नेऊन बसवलं. आणि घरातली झाडून सगळी माणसं माना डोलवत होती. एकाने तरी म्हणावं ना, की आबा, जरा चुकतंय तुमचं. पण म्हणणार कोण? आबा पडले व्याही, माझ्या चुलतबहिणीचे सासरे. मुलीच्या सासऱ्याने सूर्य पश्चिमेला उगवतो म्हटलं तर आमच्याकडे अंगणातली बाज उचलून तिकडे तोंड करून ठेवतील.

फोटो एवढासा, पोस्टकार्डाच्या निम्मा, जुन्या फोटोंना असायच्या तशा कातरलेल्या कडा. खिडकीशी नाना, पांढरी टोपी, बंद गळ्याचा कोट, आणि चेहरा असा की दाढ उपटून घ्यायला बसलेत. शेजारी कोणी चष्मेवाला. डाव्या कोपऱ्यातून एका बाईचा हात आत आलाय, मनगटावर घड्याळ, हातात ट्रे, ट्रेमध्ये गोळ्या. मागे पेन्सिलने ‘मुंबई-दिल्ली १९६८’. बास. ना शेपूट, ना पंख, ना कुठे नाव. आतून काढलेल्या फोटोची हीच गोम आहे, विमान सोडून सगळं दिसतं.

नाना दिल्लीला गेले ते केळीच्या वॅगनींपायी. तेव्हा रावेर, सावदा, निंभोऱ्याहून केळी रेल्वेने दिल्लीला जायची आणि वॅगन वेळेवर मिळाली नाही की घड जागेवर पिकायचे. म्हणून चार शेतकरी मुंबईला एका साहेबांना भेटायला गेले, साहेब म्हणाले हे काम दिल्लीचं, उद्याच्या उद्या जा, आणि कुठल्याशा आडत्याने तिकिटं काढून दिली. मोठीमायचं, म्हणजे आजीचं, शेवटपर्यंत एकच म्हणणं, भुसावळला पंजाब मेलमध्ये बसले असते तर थेट दिल्लीला उतरले असते, उलटं मुंबईला जाऊन आभाळातून जायची एवढी काय हौस होती. वॅगनी मिळाल्या की नाही ते आज घरात कोणालाच आठवत नाही. आठवतं ते नानांचं एक वाक्य, ‘मी इमानमा शेपटीमाईन चढनू.’ म्हणजे विमानात शेपटीतून चढलो.

या वाक्यावर आमचं घर पन्नास वर्षं हसलंय. नाना अडकित्ता घ्यायचे, त्याचं तोंड पुढे धरायचे, मागचे दोन दांडे फाकवायचे, आणि सांगायचे की हे असं उघडतं, जिना खाली येतो, आणि माणसं पोटात जातात. अडकित्त्याने सुपारी कातरायची सोडून माणसं आत जातात म्हटल्यावर पोरं खिदळणारच. लग्नकार्यात कोणी उशिरा आलं की म्हणायचे, आले का शेपटीतून.

मी मात्र नानांच्या बाजूचा होतो. म्हणजे असं मी समजत होतो. बाहेर मी सगळ्यांना सांगायचो की आमचे आजोबा १९६८ साली बोईंगमध्ये बसलेत. शेपटीचा भाग गाळायचो, उगाच कशाला शोभा. मागच्या दिवाळीत हे चारचौघांत सांगत होतो तर पुतण्या मोबाइलमधून मान वर न काढता म्हणाला, काका, इंडियन एअरलाइन्सकडे बोईंग ७३७ आलं सत्तरच्या दशकाच्या तोंडाशी. नाना काय वेटिंग लिस्टवर बसले होते का दोन-तीन वर्षं? सगळे हसले. सून पण हसली. मी म्हटलं, बोईंग ७०७ असेल. तर म्हणतो ते एअर इंडियाचं, परदेशात जायचं. पोरगं इंजिनिअरिंगला आहे, तीन विषय राहिलेत, पण हे माहितीये.

तिथून माझ्या डोक्यात किडा शिरला. आमचं दुकान पाइप-फिटिंगचं, उन्हाळ्यात दुपारी बारा ते चार काळं कुत्रं फिरकत नाही, बाहेर ४४ डिग्री, आत मी आणि भिंग. विमानं कशी ओळखतात ते वाचून काढलं. बाहेरून ओळखणं सोपं असतं, आतून ओळखायची ती खिडकीवरून. डकोटाची खिडकी चौकोनी. व्हायकाउंटची मोठ्ठी लंबगोल, ताटलीएवढी. फोकर फ्रेंडशिपचा पंख डोक्यावर, म्हणून खिडकीतून खाली बघितलं की चाक लोंबताना दिसतं. आणि नानांच्या टोपीमागे जी खिडकी अर्धवट दिसते ती खाली रुंद आणि वर निमुळती. त्रिकोण. कोपरे गोल केलेला, पण त्रिकोण. भिंगाखाली ते बघितलं तेव्हा मी गल्ल्यावरून उठून उभाच राहिलो, समोरचा चहावाला धावत आला की काय चावलं का.

त्रिकोणी खिडकीचं विमान म्हणजे कॅराव्हेल. फ्रान्समधल्या तुलूझला बनायचं, पहिलं उड्डाण १९५५ चं, नाकाडाचा भाग मात्र इंग्रजांच्या कॉमेट विमानावरून उचललेला. खाली बघायला जागा जास्त मिळावी पण खिडकी लहानच राहावी म्हणून तो त्रिकोण. इंडियन एअरलाइन्सने १९६४ मध्ये आणलं, त्यांचं पहिलं जेट. इंजिनं पंखाखाली नाहीत, मागे शेपटीजवळ दोन्ही बाजूंना. आणि शेपटीखाली, ऐका बरं का, शेपटीखाली उघडणारा जिना. माणसं मागून चढायची. अडकित्ता!

आता इतका मोठा शोध काय असाच गल्ल्यावर बसून सांगायचा का. म्हटलं आखाजीला सांगू. घागर भरलेली असते, नानांच्या नावाने आगारी, म्हणजे विस्तवावर घास, पडते, माहेरवाशिणी आलेल्या असतात, सगळं घर जागेवर. पुतण्याला फोटो स्कॅन करायला दिला, तर त्याने मोबाइलमधल्या कसल्या एआय ॲपमधून तो ‘साफ’ करून आणला. नानांना गुलाबी ओठ आले. सोळा चकचकीत दात आले, आमचे नाना फोटोत उभ्या जन्मात हसले नाहीत. चष्मेवाल्याचा चष्मा गायब. आणि खिडकी चौकोनी. चांगली काटकोनात, फर्निचरवाल्याने करून दिल्यासारखी. म्हटलं अरे पुरावा होता तो! तर म्हणे काका, क्वालिटी बघा ना. शेवटी मूळ फोटो प्लास्टिकच्या पिशवीत घालून घेऊन गेलो, खिशात भिंग.

जेवणं झाली. खापरावरचे मांडे, रस, रशी, कुरडया, माणसं अर्धी झोपलेली. मी पिशवी काढली आणि म्हटलं, ऐका, नाना खरं बोलत होते. कॅराव्हेलपर्यंत आलो असेन नसेन, आबांनी हात पुढे केला. सुनेला न्यायला आले होते, पारोळ्याकडचे, एसटीत कंडक्टर म्हणून रिटायर झालेले, सत्तरी ओलांडलेली पण आवाज अजून तोच, ‘चला मागे सरका’वाला. फोटो घेतला, लांब धरला, जवळ धरला, भिंग नको म्हणाले, आणि निकाल दिला.

‘भाऊसाहेब, हाई इमान नई. हाई यष्टी शे.’

मी हसलो, मला वाटलं गंमत करतायत. ते हसले नाहीत.

‘सीटा मोजा. एक बाजूले तीन, एक बाजूले दोन. यष्टी.’

इथेच माझी पंचाईत झाली, कारण कॅराव्हेलमध्ये सुद्धा तीन आणि दोनच सीट असायच्या, तो तर माझा दोन नंबरचा पुरावा होता. मी म्हटलं आबा, विमानात पण तसंच असायचं. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, फुकट्याने अर्धं तिकीट मागितलं की बघत असतील तसं.

‘वरनी फळी देखा. उघडी शे ना? इमानमा झाकण ऱ्हास, मी टीव्हीवर देखेल शे.’

म्हटलं त्या काळी विमानात वर उघडीच फळी असायची, टोप्या-कोट ठेवायला. आबा म्हणाले, ‘मंग टोपी डोकावर काबर?’ सगळी ओसरी हसली. याला काय उत्तर आहे? माझे आजोबा झोपतानासुद्धा टोपी घालून झोपायचे हो.

मग मी हुकमाचा एक्का काढला, तो हात. घड्याळ, ट्रे, गोळ्या. विमान चढताना कानाला दडे बसू नयेत म्हणून हवाई सुंदरी गोळ्या आणि कापूस वाटायची. आबांनी बोटाने फोटोतला हात पुसून पुन्हा बघितलं. ‘शेंगावाली.’

‘आबा, शेंगा विकणारी बाई घड्याळ घालून?’

‘धरणगावना स्टँडवर एक व्हती.’

एक होती म्हणे! तिच्याकडे किती वाजले विचारून ड्रायव्हर गाडी काढायचा म्हणे! आणि मग त्या बाईची पूर्ण कथा, तिचा नवरा, तिचा धाकटा मुलगा जो पुढे पोस्टात लागला, तो दूरच्या नात्याने माझ्या काकूच्या माहेरचा कोण निघतो, आणि काकू एकदम उठून बसली, ‘अय्या, त्या होय?’ वीस मिनिटं. माझं कॅराव्हेल तिथेच धावपट्टीवर घरघर करत उभं. मध्येच कोणाला तरी जळगावचा विमानतळ आठवला, तर त्यावर दहा मिनिटं, की २०१७ च्या डिसेंबरात उडान योजनेत मुंबईचं छोटं विमान सुरू झालं तेव्हा किती गाजावाजा, मग ते बंद, मग दुसरं सुरू. ते आमच्याकडच्या नळाला पाणी आल्यासारखंच आहे, आलं की भरून घ्यायचं.

मी परत गाडी रुळावर आणली, म्हटलं आबा, ही खिडकी बघा, ही तरी बघा, त्रिकोणी आहे, तीन कोपरे आहेत, यष्टीला त्रिकोणी खिडकी तुम्ही नोकरीभर पाहिली का? आता आबा थोडे थांबले. खरंच थांबले. डोळे बारीक केले. मला वाटलं जिंकलो. आणि म्हणाले, ‘पडदा शे. दोन्हीकडथून बांधेल शे, म्हनीसन वर निमुळता दिसस.’ थोडं थांबून, माझ्यावर दया आल्यासारखं, ‘साधी यष्टी नई, बरं का. मंत्रीना दौरानी स्पेशल गाडी असी. पडदा, सीटवर कापड. तुमना नाना मोठा मानूस व्हता.’

बघा, म्हणजे मानही दिला. आता बोला. काका लगेच म्हणाले, हो हो, नानांची वट होतीच. थोरली आत्या म्हणाली, मला पण नेहमी वाटायचं हो, विमान एवढं अरुंद कसं. एवढं वाटत होतं तर पन्नास वर्षं बोलली का नाही! पुतण्या, ज्याने मला बोईंगवरून फाडून खाल्लं होतं, तो व्याह्यांसमोर गरीब गाय. मी त्याच्याकडे बघितलं, तो पंख्याकडे. मागे पेन्सिलने मुंबई-दिल्ली लिहिलंय याचं काय, असं विचारलं तर आबा म्हणाले, ‘लिखाले काय, मी बी लिखू.’

तेव्हा माझा आवाज चढला, बायकोने डोळे वटारले आणि कोणीतरी चहा टाकला. संपलं.

राग आबांचा नाही, खरं सांगतो. त्यांनी निदान फोटोकडे नीट बघितलं. आमच्यातल्या एकाने तेवढं सुद्धा केलं नव्हतं, पेटीच्या तळाला जुन्या सात-बाऱ्यांमध्ये पडला होता तो. आणि मी तरी काय दिवे लावले? सहावीत असताना घरी कोणी आलं की मी मुद्दाम म्हणायचो, नाना, शेपटीतून कसे चढले ते दाखवा ना. पाहुणे हसायचे, मला शाबासकी. नाना दाखवायचे. मग एका उन्हाळ्यात म्हणाले, अडकित्ता कुठे ठेवला सापडत नाही. अडकित्ता त्यांच्या पानाच्या डब्यातच होता, मला दिसत होता.

असो. संध्याकाळी आबांना आणि बहिणीला स्टँडवर सोडायला मीच गेलो, दुसऱ्या कोणाची गाडी रिकामी नव्हती म्हणे. गाडीत बसताना आबा म्हणाले, तो फोटो पाठवा बरं माझ्या मोबाइलवर. मला वाटलं विरघळले. पाठवला, मूळचा, दात नसलेला.

काल बहिणीचा फोन. आबांनी तो फोटो त्यांच्या रिटायर कंडक्टर-ड्रायव्हर मंडळींच्या ग्रुपवर टाकलाय, ‘ओळखा गाडी कोणत्या डेपोची’ म्हणून. दोघं चाळीसगाव म्हणतात, एक जण शिरपूरवर अडून बसलाय, आणि साक्रीकडचे कोणी एक म्हातारे ड्रायव्हर म्हणतात गाडी माझ्याच हाताखालची, तो चष्मेवाला प्रवासी सुट्ट्या पैशांवरून भांडला होता, पक्का आठवतो. नानांविषयी त्यांनी फक्त एवढंच लिहिलंय की टोपीवाल्याला मागच्या दाराने चढवला होता.