इथेनॉल ओता नि गाडी पळवा? एवढं सोपं नाही

निपाणी-चिकोडीपासून खानापूरपर्यंत ऊसवाल्यांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. ‘टाकीत लोखंडाची भुकटी भरा, वर कारखान्याचं इथेनॉल ओता. भुकटी त्यातला हायड्रोजन शोषते, त्यावर गाडी पळते. एका लिटरात कार २०० किलोमीटर, धूर शून्य. बेळगावच्या उद्यमबागेतली कुठलीही फौंड्री टाकी करून देईल.’ उसाचं बिल थकलेलं असताना असलं काही वाचायला गोड लागणारच.

आधी लोखंडाचं बघू. साधं लोखंड हायड्रोजन साठवत नाही, उलट आत शिरलेला थोडासा हायड्रोजनही पोलाद ठिसूळ करतो. उद्यमबागेतल्या वेल्डरला विचारा, ७०१८ जातीचे वेल्डिंगचे रॉड आधी ओव्हनमध्ये का तापवतोस? रॉडच्या आवरणात ओल राहिली की तिच्यातला हायड्रोजन जोडात शिरतो, आणि आज चांगला दिसणारा जोड उद्या तडकतो. साठवणीचे मिश्रधातू वेगळे असतात, उदाहरणार्थ लँथॅनम-निकेल. त्यातही वजनाच्या जेमतेम १.४ टक्के हायड्रोजन मावतो.

आता २०० किलोमीटर. एक लिटर इथेनॉलची वाफेबरोबर पूर्ण प्रक्रिया झाली, थेंबही वाया गेला नाही, तरी हायड्रोजन निघतो सुमारे २०० ग्रॅम. टोयोटाची मिराई ५.६ किलो हायड्रोजनवर साधारण ६५० किलोमीटर जाते. करा हिशेब: लिटरला तेवीसच्या आसपास. आणि ते ५.६ किलो मिश्रधातूत भरायचे तर भुकटीच ४०० किलो लागेल. मग माणसं बसवायची कुठं?

‘ओता’ म्हणणं तर फारच झालं. नुसतं ओतून भुकटी भिजेल, बाकी काही नाही. अल्कोहोलमधून हायड्रोजन निघतो हे खरं. आयसोप्रोपिल अल्कोहोलमधून योग्य उत्प्रेरकावर तो काढता येतो, मागे ॲसिटोन उरतं. पण इथेनॉलमधून सगळा काढायला उत्प्रेरक आणि पाचशे अंशांच्या वरची वाफ लागते. शिवाय त्यात कार्बन मोनॉक्साइडही तयार होतो. तो मिश्रधातूच्या पृष्ठभागाला चिकटला की शोषण मंदावतं.

धूर दिसणार नाही, कबूल. पण लिटरमागे दीड किलो कार्बन डायऑक्साइड निघतोच, इंजिनात जाळल्यावर निघतो तेवढाच. तो उसानं हवेतूनच घेतलेला असतो म्हणाल, तर पेट्रोलमध्ये मिसळलेल्या इथेनॉललाही तेच लागू.

मिश्रधातूतली साठवण खोटी नाही. जर्मनीच्या २१२ जातीच्या पाणबुड्यांत ती आहे, कारण तिथं वजनाची अडचण नसते. आणि तिथंही शुद्ध हायड्रोजन बंदरावर भरून घेतात, अल्कोहोल ओतत नाहीत.