दुखणं मनात आहे, असं मी कुठे लिहिलंय?

नमस्कार. ओटीपोटाच्या दुखण्यातल्या बायोसायकोसोशल दृष्टिकोनावर, म्हणजे शरीर, मन आणि भोवतालचं जगणं एकत्र बघण्यावर, मी लिहिलं, त्यावरची तुमची प्रतिक्रिया वाचली. "शेवटी तुम्हीही बाईला तेच सांगताय, दुखणं तुझ्या मनात आहे," असं तुम्ही म्हणता. मतभेद असू देत. पण "शेवटी तुम्हीही" कशासाठी? आणि पुढे "समुपदेशनाचं दुकान"? समोर बसून माझ्याशी असं बोलला असतात का? वर्षानुवर्षं हेच काम करणाऱ्या माणसाशी बोलायची ही रीत नव्हे.

एक मान्य करते. भीती आणि ताण यांच्या मानाने स्नायूंच्या तपासणीवर मी कमी लिहिलं. कमी, पण लिहिलंय. तो भाग तुम्ही वाचलेला दिसत नाही.

आता तुमचं ते "मनात आहे" वाक्य. अमेरिकन डॉक्टर जॉर्ज एंगल यांनी 1977 साली 'सायन्स' नियतकालिकात हा बायोसायकोसोशल विचार मांडला, तेव्हा शरीर बाजूला ठेवा असं ते म्हणाले नव्हते. शरीराबरोबर माणूस आणि त्याचं जगणंही बघा, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. ओटीपोटात तर हे वेगळं काढताच येत नाही. भीती वाटली की पेल्विक फ्लोअरचे, म्हणजे ओटीपोटाच्या तळाचे, स्नायू आवळतात. बायकांना धास्ती वाटेल अशा चित्रफिती दाखवून हे मोजलं गेलंय. सतत आवळलेला स्नायू दुखतो, आणि दुखेल या धास्तीनं आणखी आवळतो. हा स्नायू काय मनात असतो?

एंडोमेट्रिऑसिस घ्या, म्हणजे गर्भाशयाच्या अस्तरासारखं अस्तर गर्भाशयाबाहेर वाढतं तो आजार. दुर्बिणीतून दिसणारा आजार थोडा आणि वेदना असह्य, किंवा आजार पसरलेला आणि दुखणं फारसं नाही, दोन्ही आढळतं. मग पहिल्या बाईला खोटी ठरवायची? "मनात आहे" असं म्हणणारे नेमके तेच करतात. रिपोर्टमध्ये काही सापडलं नाही, म्हणजे तिच्या डोक्यात. ही चूक निव्वळ शरीर बघणाऱ्यांची आहे, आणि तुम्ही ती माझ्या माथी मारताय.

मला हे कुणी शिकवू नये, कारण मी ते भोगलंय. बाळंतपणानंतर टाके भरले, तपासणीत सगळं ठीक, तरी दुखायचं. केगल, म्हणजे हे स्नायू आवळून बळकट करायचे व्यायाम, करा म्हणाले, केले, दुखणं वाढलं. माझे स्नायू कमकुवत नव्हतेच, ते सैल सुटत नव्हते. मग एका अनुभवी फिजिओथेरपिस्ट बाईंनी हात लावण्याआधी विचारलं: झोप होते का, घरी मदतीला कोण आहे, जवळीक करताना कशाची भीती वाटते? त्यानंतर तपासलं आणि श्वासाबरोबर स्नायू सोडायला शिकवलं. तोपर्यंत माझं दुखणं कुणी खरं मानलंच नव्हतं. तुम्ही म्हणता त्याच्या अगदी उलट घडलं.

"पुरुषांचं काय?" असं तुम्ही विचारता. त्यांनाही पेल्विक फ्लोअर असतो आणि तो दुखतोही, पण लेख त्यावर नव्हता.

राहता राहिला तुमचा आरोप, "अंतर्गत तपासणी टाळायची पळवाट." तपासणी मी करते. काय करणार ते आधी सांगते, तिची परवानगी घेते, आणि ती मध्येच "थांबा" म्हणाली तर हात काढून घेते. यात पळवाट कुठली, ते तुम्हीच सांगा.