लेकरांना बोलून दाखवायला लावू नका

टांझानियात व्हिक्टोरिया सरोवराच्या काठी म्वांझा शहरात मिशनसेवा करणारे आम्ही दर 2 वर्षांनी सुटीवर इंदूरला येतो आणि दर वेळी तोच प्रकार घडतो. रविवारची उपासना संपते न संपते, तोच कोणीतरी आमच्या 6 वर्षांच्या मुलीला पुढे उभे करते आणि म्हणते, "स्वाहिलीत काहीतरी बोलून दाखव ना गं!" अहो, ती माणसाचे लेकरू आहे, प्रदर्शनात मांडलेली वस्तू नव्हे! तिकडे लहानांनी थोरांना ‘शिकामो’ म्हणायचे आणि थोरांनी ‘मराहाबा’ म्हणून ते स्वीकारायचे, अशी रीत आहे. म्हणून परवा तिने हात जोडून शेजारच्या आजींना मनापासून ‘शिकामो’ म्हटले, तेव्हा खोलीभर हशा पिकला आणि तिला तेच आणखी 4 वेळा म्हणायला लावले. शेवटी ती माझ्या पदराआड शिरली आणि पदर धरलेली तिची मूठ काही केल्या सुटेना. तो नमस्कार होता, नक्कल नव्हती.

वर "मराठी कच्चीच राहिली हो हिची" हा शेरा असतोच! म्वांझात रात्रीचे साडेआठ वाजतात तेव्हा इंदुरात अकरा झालेले असतात, तरीही माझी आई जागी राहून तिला फोनवर गोष्ट सांगते. ते कष्ट कोणाला दिसत नाहीत. मुलीच्या हातात शेव-पोह्यांची बशी द्या आणि शेजारी निवांत बसा. ती आपणहून बोलेल, आणि मराठीतच बोलेल.